नागपूरची नभोवाणी आणि वऱ्हाड

वऱ्हाडचा कारभार बहुधा वऱ्हाडाबाहेरूनच चालत आला आहे. १८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या हवालीं केला. १९०३ सालीं तो मध्यप्रांतास जोडला गेला, आणि अमरावती-अकोल्याच्या वकिलांस व व्यापाऱ्यांस राजधानी म्हणून नागपूरकडे पाहणें प्राप्त झालें. नभोवाणी आली तीही याच वाटेनें.

त्यापूर्वीं वऱ्हाडांतील मराठी श्रोत्यास मुंबईचाच आधार होता. २३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीनें तें केंद्र उघडलें. कंपनी तीन वर्षांच्या आंत बुडाली व १९३० सालीं सरकारनें तें काम स्वतःकडे घेतलें. परंतु अकोल्याहून मुंबई आगगाडीच्या रस्त्यानें सुमारें साडेतीनशें मैल. मध्यम लहरींचा स्वभाव असा कीं, दिवसां त्यांचा पल्ला थोडा असतो. रात्रीं मात्र वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तन पावून त्या दूरवर जातात. तेव्हां मुंबईचें गाणें ऐकावयाचें तें रात्रीं, आणि तेंही खरखरीच्या साथीनें. ज्या घरीं वीज नाहीं व बॅटरीचा खर्च सोसण्यासारखा नाहीं, त्या घरास तेवढेंही नाहीं.

स्वातंत्र्य आलें तेव्हां साऱ्या भारतांत केंद्रें सहा, आणि त्यांचा आवाज पोहोंचे तो शेंकडा ११ लोकांपर्यंत. नभोवाणी खातें सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे होतें. निरनिराळ्या भाषांच्या प्रदेशांत नवीं केंद्रें उघडण्याचें धोरण ठरलें, आणि १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें केंद्र सुरू झालें. प्रांतच दुभाषी, त्यामुळें केंद्रासही मराठी व हिंदी या दोन्ही भाषांची सोय पाहणें भाग पडलें.

आतां एक योगायोग पाहण्यासारखा आहे. नागपूरचें केंद्र सुरू होऊन महिना लोटतो न लोटतो तोंच, १० ऑगस्ट १९४८ रोजीं, जर्मनींतील बव्हेरिया प्रांतानें आपल्या नभोवाणीचा कायदा केला. गोबेल्सनें एका मध्यवर्ती यंत्राच्या द्वारें सारें राष्ट्र कसें बहकविलें, हें त्या लोकांनीं नुकतेंच भोगलें होतें. म्हणून नभोवाणी सरकारी खातें न ठेवतां ती स्वतंत्र सार्वजनिक संस्था केली, आणि तिच्यावर देखरेखीस जें मंडळ नेमलें त्यांत धर्मसंस्था, विद्यापीठें, कामगार व शेतकरी यांच्या प्रतिनिधींस जागा दिली. प्रत्येक प्रांताची नभोवाणी त्या प्रांताच्या कायद्यानें चालावी हा दंडक पश्चिम जर्मनींत पक्का झाला. पुढें चॅन्सलर आडेनॉअर यांनीं मध्यवर्ती सरकारच्या हातीं दूरचित्रवाणी घेऊं पाहिली, तेव्हां २८ फेब्रुवारी १९६१ रोजीं तेथील घटना-न्यायालयानें ती योजना घटनाबाह्य ठरविली.

भारतांत या वाटेस दार नव्हतें असें नाहीं. १९३५ च्या कायद्यांतील १२९ व्या कलमांत प्रांतांनीं प्रक्षेपणाचें काम मागितल्यास केंद्रानें तें अवाजवी कारणानें नाकारूं नये असें म्हटलें होतें. १९५० च्या राज्यघटनेनें हा विषय संघसूचींत, एकतिसाव्या नोंदींत, घातला व तें दार लागलें. फाळणीचे घाव ताजे असतां दिल्लीस सत्ता एकवटावीशी वाटली यांत नवल नाहीं. परंतु ज्या कपाशीच्या मुलखांत नागपूरचें केंद्र ऐकलें जाई, त्याच्या एकाही शेतकऱ्यास त्याच्या कारभारांत हक्काची जागा नव्हती, ही गोष्ट राहतेच.

याचा परिणाम भाषेवर झाला. व्याख्यानाची मराठी ती पुस्तकी मराठी. ‘मला’ याला ‘मले’ आणि ‘डोळा’ याला ‘डोया’ म्हणणाऱ्या वऱ्हाडीस जागा मिळे ती मुख्यतः ग्रामीण कार्यक्रमांत व लोकगीतांत. जणूं त्या बोलीनें पिकाविषयीं बोलावें, विचाराविषयीं बोलूं नये! वास्तविक गाडगेमहाराजांनीं याच बोलींत हजारोंच्या समुदायास विचार करावयास लाविलें. ८ नोव्हेंबर १९५६ रोजीं वांद्र्यास झालेलें त्यांचें अखेरचें कीर्तन ध्वनिमुद्रित झालें म्हणून तो आवाज आज कानीं पडतो. पुढच्याच महिन्यांत, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ त्यांचें देहावसान झालें.

त्याच नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस वऱ्हाड व नागपूरकडील आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यांत गेले. राजधानी बदलली, नभोवाणी केंद्र नागपुरासच राहिलें, आणि त्याची सूत्रें दिल्लीसच राहिलीं. १८ मे १९८८ रोजीं नागपुरास हजार किलोवॅट शक्तीच्या प्रक्षेपकावरून रात्रीची राष्ट्रीय सेवा सुरू झाली. देशाच्या मध्यभागीं असल्यामुळें नागपूरची निवड झाली. कार्यक्रम मात्र दिल्लीचे, आणि भाषा हिंदी, इंग्रजी व उर्दू. ज्या नागपूरचा आवाज अर्ध्याहून अधिक देशास ऐकूं गेला, त्या आवाजांत मराठी नव्हती. ती सेवा पुढें बंद झाली. १९९७ सालीं प्रसार भारती अस्तित्वांत येऊन आकाशवाणी सरकारी खात्यांतून निघाली, तरी प्रादेशिक मंडळाची बव्हेरियासारखी व्यवस्था झाली नाहीं. अकोल्यासही आकाशवाणीचें केंद्र निघालें. वऱ्हाडांतच बसून वऱ्हाडांतील माणसांशीं बोलण्याची सोय त्यानें झाली, आणि केंद्राचा खर्च मंजूर होतो तो मात्र अद्याप दिल्लीसच.