लहान कॉलेज की मोठे विद्यापीठ? हैदराबादच्या मराठी पालकांसाठी थोडी माहिती

इंटरचा निकाल लागला की मंडळाच्या कार्यक्रमात कोणीतरी पालक बाजूला घेतात. मुलीला इंजिनिअरिंग-मेडिकल करायचे नाही, इतिहास, अर्थशास्त्र, मानसशास्त्र असे काही शिकायचे आहे. तिला लहान, लक्ष देणाऱ्या कॉलेजात घालावे की सरकारी विद्यापीठात? मी शिक्षणतज्ज्ञ नाही. बँकेत असताना बरीच वर्षे शैक्षणिक कर्जाचे टेबल सांभाळले आणि स्वतःच्या घरात एक निर्णय चुकवला, एवढाच माझा अधिकार.

प्रश्न जुनाच आहे

आपल्या आजोबा-पणजोबांपुढेही ही निवड होती. निजाम कॉलेज १८८७ चे. माध्यम इंग्रजी आणि संलग्नता थेट मद्रास विद्यापीठाशी. विद्यार्थी थोडे, बरेचसे सुखवस्तू घरांतले. उस्मानिया विद्यापीठ १९१८ चे, सरकारी, विस्ताराने मोठे आणि सर्व विषय उर्दूतून. त्यासाठी इंग्रजी ग्रंथांची भाषांतरे करणारे स्वतंत्र खाते सरकारने आधीच उघडले होते. मराठवाड्यातून येणाऱ्या मुलाला घरी मराठी आणि वर्गात उर्दू, अशी कसरत करावी लागे. जुन्या पिढीतल्या मराठी वकिलांचे आणि अधिकाऱ्यांचे उर्दू इतके सफाईदार कसे, याचे उत्तर यात आहे.

१९३८ साली हॉस्टेलमध्ये वंदे मातरम् म्हणण्यावरून उस्मानियाच्या विद्यार्थ्यांना काढून टाकले गेले, तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पी. व्ही. नरसिंह राव हे त्या पिढीतले. पुढे १९४७ मध्ये निजाम कॉलेज उस्मानियाचेच घटक कॉलेज झाले आणि १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलून इंग्रजी झाले. जुनी निवड तिथे संपली.

नरहर कुरुंदकरांचे उदाहरण मी मुद्दाम सांगतो. ते शिकायला हैदराबादला मामांकडे आले. मामा म्हणजे उस्मानियातले मराठीचे प्राध्यापक ना. गो. नांदापूरकर. सिटी कॉलेजात कुरुंदकर इंटरला नापास झाले, पण त्या वर्षांत त्यांनी वाचले अफाट. पुढे ते नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य झाले. सगळीच मुले कुरुंदकर नसतात हे मान्य. पण वर्गाबाहेर पुस्तके आणि जाणती माणसे किती भेटतात, हे गुणपत्रिकेत दिसत नाही.

आजचे चित्र

पहिली गोष्ट म्हणजे ‘उस्मानियाला प्रवेश घेतला’ या वाक्याचा अर्थ नीट समजून घ्यावा. पदवीची बहुसंख्य मुले विद्यापीठाच्या आवारात बसतच नाहीत. ती संलग्न कॉलेजांत बसतात. प्रमाणपत्रावर नाव उस्मानियाचे असते, पण शिकवणारा, ग्रंथालय आणि वर्गातली गर्दी त्या त्या कॉलेजची. त्यामुळे विद्यापीठ मोठे की लहान, हा प्रश्न इथे निम्माच खरा आहे. निजाम, कोठीचे महिला कॉलेज (आता ते स्वतंत्र महिला विद्यापीठ आहे), बेगमपेटचे सेंट फ्रान्सिस, सैनिकपुरीचे भवन्स, जांबबागचे आपले विवेक वर्धिनी, यांतला प्रत्येक वर्ग वेगळा. विवेक वर्धिनी १९०७ पासूनची संस्था आहे. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक अशांच्या धडपडीतून ती उभी राहिली, म्हणून आपल्याला तिच्याबद्दल ममत्व आहे. ते ठेवून सुद्धा वर्ग पाहूनच ठरवावे.

राज्य विद्यापीठांच्या पदवी प्रवेशासाठी २०१६ पासून ‘दोस्त’ ही ऑनलाइन पद्धत आहे. इंटरच्या गुणांवर, टप्प्याटप्प्याने जागा मिळतात. पसंतीक्रम भरताना कॉलेज आणि विषयांचा गट दोन्ही पाहावेत. काही कॉलेजे ‘दोस्त’च्या बाहेर स्वतंत्रपणे प्रवेश देतात. बदलीवर आलेल्या कुटुंबांनी एक लक्षात ठेवावे : ८५ टक्के जागा स्थानिक उमेदवारांच्या असतात. मूल तेलंगणात किती वर्षे शिकले याचे बोनाफाईड दाखले शाळेतून वेळेवर घेऊन ठेवावेत. जूनमध्ये त्यासाठी धावपळ करणारे पालक मी पाहिले आहेत.

दुसरी गोष्ट गच्चीबावलीची. हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ १९७४ चे. आवार बघितले तर माणूस दबून जातो. पण विद्यार्थी सुमारे पाच हजार. काही शहरी कॉलेजेही संख्येने त्याच्या जवळपास जातील. तिथे भर पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधनावर आहे, पण इंटरनंतर पाच वर्षांचे एकत्रित अभ्यासक्रमही आहेत आणि प्रवेश सीयूईटीमधून होतो. फी कमी, हॉस्टेल आवारात, ग्रंथालय मोठे. माझ्या मते लहान कॉलेजचे बरेच गुण सरकारी फीमध्ये मिळवायचे तर आपल्या शहरात हा पर्याय आधी बघावा. जागा मात्र थोड्या आहेत. इंग्रजी आणि परकीय भाषांसाठी इफ्लू आहे, तेही केंद्रीयच.

आणि तिसरा प्रकार म्हणजे नवी खासगी ‘लिबरल आर्ट्स’ विद्यापीठे : पुण्याचे फ्लेम, सोनीपतचे अशोका, श्रीसिटीचे क्रिया, बंगळुरूचे अझीम प्रेमजी. तिथे पहिल्याच वर्षी एक विषय पक्का करावा लागत नाही. अर्थशास्त्राबरोबर तत्त्वज्ञान किंवा गणिताबरोबर नाट्य घेता येते. वर्ग लहान, निबंध पुष्कळ, प्राध्यापक मुलाला नावाने ओळखतात. ज्या मुलाला नेमके काय आवडते हे अठराव्या वर्षी ठरलेले नाही, त्याला याचा खरा उपयोग होतो. ज्याचे ठरलेले आहे त्याने एवढा खर्च का करावा, हे मला अजून कोणी पटवून दिलेले नाही.

हिशेब

फ्लेम, अशोका अशा ठिकाणी राहणे-जेवण धरून खर्च वर्षाला दहा लाखांच्या पुढे जातो. समजा चार वर्षांसाठी ३० लाखांचे कर्ज काढले, दरवर्षी साडेसात लाख उचलले, व्याज १० टक्के. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून लागते. पाच वर्षांत साधे व्याजच साडेदहा लाख होते. साडेचाळीस लाख रुपये दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता सुमारे ५३,५०० रुपये, पंधरा वर्षांत फेडायचे तर सुमारे ४३,५००. इतिहासाची पदवी घेतलेल्या मुलाचा पहिला पगार किती असेल, याचा अंदाज आपापला करावा. शक्य असेल तर शिकत असतानाच व्याज भरत जावे. फरक मोठा पडतो.

साडेसात लाखांपर्यंत सहसा तारण लागत नाही. २०२४ च्या शेवटी आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत यादीतल्या संस्थांसाठी विनातारण, विनाजामीन कर्ज आहे आणि कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांच्या कर्जापर्यंत व्याजात ३ टक्के सवलत. केंद्र सरकारी संस्था त्या यादीत आहेत. खासगी संस्था असेल तर तिचे नाव यादीत आहे का, ते आधी बघावे. व्याजावरची ८०ई ची वजावट जुन्या कर पद्धतीतच मिळते. खासगी विद्यापीठांची स्वतःची फी-सवलतही असते. ती मागायला लाजू नये. अर्जाची मुदत मात्र आधीच पाहून ठेवावी.

आमच्या घरातली चूक

माझ्या मुलीला अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि गणित असा गट हवा होता. मी घराजवळचे लहान कॉलेज निवडले. लक्ष देतात, बस बदलावी लागत नाही, असा विचार. पहिले वर्ष खरोखर छान गेले. दुसऱ्या वर्षी मुले कमी म्हणून कॉलेजने तो गट बंद केला. गणिताचे सर सोडून गेले होते आणि त्यांच्या जागी कोणी आले नव्हते. तिला गणित सोडावे लागले आणि पुढे एम.ए.ला हव्या त्या ठिकाणी त्याच कारणाने प्रवेश मिळाला नाही. ती बोलून दाखवत नाही. लहान कॉलेजात एक माणूस गेला की विषय जातो, हे मला प्रवेश घेताना सुचले नाही. मोठ्या विद्यापीठात विभाग टिकतो, पण तिथेही मंजूर जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात आणि पहिल्या वर्षाला तासिका तत्त्वावरचे शिक्षक येतात.

म्हणून चौकशीला जाताना माहितीपत्रक घरी ठेवावे आणि कामाच्या दिवशी सकाळी अकराला जावे. आपल्या मुलाच्या विषयाला कायम शिक्षक किती, मागच्या तीन वर्षांत तो गट एकदाही बंद पडला का, ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते, हे ऑफिसात नव्हे, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे. कँटीनमध्ये चहा घेतला तर अर्ध्या तासात सगळे कळते. शक्यतो मुलाला किंवा मुलीलाच विचारू द्यावे, आपण शेजारच्या टेबलावर बसावे.