कज्जलीची कुळकथा

अहमदनगर येथे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेदाचे महाविद्यालय स्थापिले. अशा विद्यालयांच्या रसशाळांत विद्यार्थी पारा व गंधक यांची जी काळी, मऊ कज्जली घोटावयास शिकतो, तिचे कूळ औषधींच्या यादीत नव्हे, द्रव्याच्या मूलतत्त्वांविषयी झालेल्या प्राचीन विचारांत सापडते.

रसतंत्रकारांनी पाऱ्यास शिवाचे वीर्य व गंधकास पार्वतीचे रज मानले. ही कल्पना केवळ देवकथा म्हणून दूर सारणे मला अन्यायाचे वाटते. कारण एक चंचल आणि सुवर्णासही गिळणारे, दुसरे ज्वलनशील आणि त्या चंचलास बांधणारे, अशा दोन स्वभावांचे सूक्ष्म निरीक्षण तिच्या मुळाशी आहे. किमयागार जाबिरच्या नावावर चालत आलेल्या अरबी ग्रंथांतही सर्व धातू भूगर्भात याच जोडीपासून जन्मतात, असे प्रतिपादन आहे. सोळाव्या शतकात पॅरासेल्सस याने त्यांत मीठ हे तिसरे तत्त्व घातले: लाकूड जळताना ज्वाला होते तो गंधक, धूर होऊन उडतो तो पारा, राख म्हणून उरते ते मीठ. बाजारात तोलून मिळणारी ही द्रव्ये नव्हेत. ज्वलन, उड्डाण आणि स्थैर्य या धर्मांना दिलेली ती नावे. १६६१ साली रॉबर्ट बॉइलने या मताची कसून उलटतपासणी केली व अग्नीने सोन्यातून ही तीन तत्त्वे निघत नाहीत, हा दाखला पुढे मांडला.

आमच्याकडे पारा-गंधकाचा हा विचार खलबत्त्याशी बांधलेला राहिला. पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली छापलेल्या ‘रसरत्नसमुच्चय’ ग्रंथात कज्जलीचे लक्षण आहे: द्रव न घालता, काजळासारखी होईपर्यंत मर्दन. शुद्ध पारा व शुद्ध गंधक बहुधा समभाग घेतात आणि पाऱ्याची चकाकी उन्हातही दिसेनाशी होईपर्यंत, म्हणजे कज्जली निश्चंद्र होईपर्यंत, घोटीत राहतात. वस्तुतः २०० भाग पाऱ्यास ३२ भाग गंधक पुरतो. जादा गंधक काचकुपीत, वालुकायंत्राच्या, म्हणजे तापविलेल्या वाळूच्या, आचेवर, निळसर ज्योतीने जळून जातो. मध्यंतरी कुपीचे तोंड तापल्या शलाकेने मोकळे ठेवावे लागते. आणि अखेरीस गळ्याशी तांबडा रससिंदूर जमतो. काळी कज्जली आणि हा तांबडा सिंदूर घटकांनी एकच, खाणीतला हिंगूळही तोच. त्या हिंगुळातून वैद्य ऊर्ध्वपातनाने पारा वेगळा काढतात. म्हणजे पारा-गंधकाच्या जोडीचे सोन्याविषयी जे मत टिकले नाही, ते या एका द्रव्याविषयी अक्षरशः खरे आहे.