फोटोशॉपमधलं लॉलीपॉप

फोटोशॉप शिकवायला घेतलं की पहिल्या काही दिवसांतच प्रश्न येतो, "सर, हे लॉलीपॉप कसलं?" ते असतं डॉज टूल. त्याच्या जोडीला बर्न टूल, त्याचं चित्र वळवलेल्या हाताचं. एकाने फोटोचा भाग उजळतो, दुसऱ्याने गडद होतो. एवढं सांगून पुढे जाता येतं. पण मला वाटतं, इथेच थांबून थोडा इतिहास सांगावा.

डार्करूममध्ये एन्लार्जरचा प्रकाश निगेटिव्हमधून कागदावर पडतो. प्रकाश जास्त, तिथे कागद जास्त काळा. चेहरा काळवंडत असेल तर तारेला पुठ्ठ्याची चकती लावून त्यावर सावली धरायची, आणि कडा उमटू नये म्हणून ती हलवत राहायचं. आकाश फार पांढरं येत असेल तर हातांमधल्या फटीतून तिथेच जादा प्रकाश सोडायचा. ती चकती आणि तो हात अजून टूलबारवर आहेत!

ही नावं उगाच आलेली नाहीत. थॉमस नॉल मिशिगन विद्यापीठात पीएचडी करत असताना, १९८७ मध्ये, त्याने मॅकिंटॉशसाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉनच्या साथीने तो वाढला आणि अ‍ॅडोबीने फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप म्हणून बाजारात आणला. या भावांच्या वडिलांची घरात डार्करूम होती.

मग फोटोतला फेरफार कॉम्प्युटरने आणला का? मुळीच नाही. हेन्री पीच रॉबिन्सनने १८५८ साली पाच निगेटिव्ह जोडून 'फेडिंग अवे' हे एकच चित्र केलं होतं. फेब्रुवारी १९८२ च्या नॅशनल जिऑग्राफिकने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले आणि टीका ओढवून घेतली. तेव्हा फोटोशॉप यायला आठ वर्षं होती.

फरक पडला तो कष्टात. २००२ च्या फोटोशॉप ७ मध्ये हीलिंग ब्रश आला आणि जुन्या फोटोवरचा डाग क्षणात जाऊ लागला. पण आता घरचा एखादा फोटो डोळ्यांसमोर आणा. पणजीच्या कपाळावर हिरवट-काळा ठिपका आहे. कागदावरची बुरशी की गोंदण? ब्रशला दोन्ही सारखेच. मुलगा मेहनतीने फोटो 'स्वच्छ' करेल आणि पणजीची खूणच पुसली जाईल.

म्हणून वर्गात दोन नियम आधी, टूल नंतर. पहिला, मूळ स्कॅन जसाच्या तसा जपायचा आणि काम वेगळ्या लेयरवर करायचं. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ही सोय आहे. दुसरा, माणसाच्या अंगावरचं काही पुसण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारायचं.

आणि मंडळी, अल्बम तुमच्याकडे आहेत. फोटोंमागे पेन्सिलीने हलक्या हाताने नावं, साल आणि अशा खुणा लिहून ठेवा. विचारायला कायम कोणीतरी असेलच असं नाही...