शेवटचं एक अक्षर: जपानी 'का', 'ने', 'यो' आणि 'वा'ची गोष्ट

 आजचा भाग जपानी शिकायला नुकती सुरुवात केलेल्यांसाठी आहे. पण जपानीशी काही देणंघेणं नसेल तरी थांबा, कारण गोष्ट शेवटी आपल्या बोलण्याचीच आहे.

सुरुवात माझ्या फजितीपासून. जपानी शिकून वर्ष झालं होतं. कामाच्या व्हिडिओ कॉलवर एका जपानी वरिष्ठांनी मला एक चूक समजावून सांगितली. मी अगदी नम्रपणे, हसून म्हणाले, "वाकारिमाशिता यो." पलीकडे एकदम शांतता. कॉल संपल्यावर सहकाऱ्याने मला विचारलं, "तू चिडली होतीस का?" मी म्हटलं, छे! मी फक्त 'समजलं' म्हणाले. तर तो म्हणाला, 'वाकारिमाशिता' म्हणजे 'समजलं'. त्याला 'यो' लावलास की होतं, "कळलं हो, कळलं!"

क्रियापद बरोबर होतं, आदरार्थी रूपही बरोबर होतं. घात केला तो शेवटच्या एका अक्षराने.

जपानीत वाक्याच्या शेवटी अशी छोटी अक्षरं येतात. नवशिक्याला पहिल्यांदा तीन भेटतात. 'का' लावला की प्रश्न. 'इकिमासु' म्हणजे जाते, 'इकिमासु का' म्हणजे जाणार का? हे आपल्याला फुकटात येतं, कारण आपलाही 'का' तिथेच बसतो. (नातं वगैरे काही नाही हं, निव्वळ योगायोग.) दुसरा 'ने'. 'सामुई देसु ने' म्हणजे थंडी आहे ना. थंडी दोघांनाही वाजतेय, मी फक्त तुमची मान डोलायची वाट बघतेय. तिसरा 'यो'. तुम्ही छत्री न घेता निघालात आणि मी म्हटलं, 'आमे देसु यो', तर अर्थ होतो, अहो, पाऊस आहे बरं का. म्हणजे मला माहीत आहे, तुम्हाला नाही. आता बघा, वरिष्ठांनी समजावलेली गोष्ट त्यांना माहीत नसल्यासारखी मी त्यांनाच ऐकवली. शांतता होणारच!

मग मी या अक्षरांचा इतिहास शोधायला लागले, आणि तो निघाला हजार-बाराशे वर्षांचा.

जपानी लोकांनी लिपी घेतली चीनकडून. चिनी अक्षर म्हणजे एक शब्द, एक अर्थ. पण जपानीतले प्रत्यय, अव्ययं, शेवटचे 'का' आणि 'झो' यांचं काय करायचं? आठव्या शतकातल्या राजाज्ञांमध्ये एक युक्ती दिसते. नाम आणि क्रियापदाचा मूळ भाग मोठ्या अक्षरात लिहायचा, आणि प्रत्यय-अव्ययं त्यालाच लागून बारीक अक्षरात. पुढे चिनी ग्रंथ जपानीत वाचताना विद्वान अक्षराभोवती ठिपके द्यायला लागले. ठिपका कुठल्या कोपऱ्यात आहे त्यावरून कुठला प्रत्यय वाचायचा ते ठरायचं. एका पद्धतीत चार कोपरे ओळीने वाचले की 'ते, नि, वो, हा' असं होतं. या सगळ्या चिमुकल्या शब्दांना जपानीत आजही 'तेनिवोहा' म्हणतात. नावच ठिपक्यांवरून पडलंय!

जुन्या जपानीत 'का' आणि 'झो' वाक्याच्या मध्येही यायचे, आणि ते आले की शेवटच्या क्रियापदाचं रूप बदलायचं. हा नियम नीट मांडला मोतोओरी नोरिनागा यांनी. पेशाने वैद्य, राहणार मात्सुसाका. १७७९ मध्ये त्यांनी यावर ग्रंथ पूर्ण केला. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'शब्दमण्यांचा दोरा' असा होतो. मणी सगळ्यांना दिसतात, माळ मात्र दोऱ्यामुळे टिकते. पण नोरिनागांच्या काळापर्यंत बोलीतून हा नियम केव्हाच गेला होता. तो कवितेच्या आणि ग्रंथांच्या भाषेपुरता उरला होता.

मग लोक बोलत कसे होते? इथे गोष्टीत गोवा येतो.

१५८२ मध्ये चार जपानी मुलं जेझुइट पाद्र्यांबरोबर युरोपला निघाली. परतताना ती गोव्यात थांबली. त्यांच्यातल्या हारा मार्तिनो या मुलाने १५८७ मध्ये तिथे लॅटिनमध्ये भाषण केलं, आणि १५८८ मध्ये ते गोव्यातच छापलं गेलं. १५९० मध्ये ही मंडळी जपानला पोहोचली, सोबत छापखाना घेऊन. परदेशी पाद्र्यांना जपानी बोलता यावं म्हणून या छापखान्याने पुस्तकं काढली. 'हेइके मोनोगातारी' ही जुनी युद्धकथा त्यांनी दोन माणसांच्या गप्पांच्या रूपात, बोलीभाषेत आणि रोमन लिपीत छापली. मग १६०४ ते १६०८ या काळात नागासाकीत जोआओ रोद्रिगेश यांचं जपानीचं मोठं व्याकरण छापलं गेलं. म्हणजे चारशे वर्षांपूर्वीसुद्धा कुणीतरी माझ्यासारखंच डोकं धरून बसलं होतं, की या वाक्याच्या शेवटी आता काय लावू? आणि त्या धडपडीमुळेच तेव्हाची बोली आज आपल्याला वाचायला मिळते.

आता येऊ 'वा'कडे. मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो याने.

माझ्या जुन्या पाठ्यपुस्तकात लिहिलं होतं की बायका वाक्याच्या शेवटी 'वा' लावतात, त्याने बोलणं मृदू होतं. मी आरशासमोर उभी राहून सराव केला. माझ्याच वयाच्या एका जपानी मैत्रिणीशी बोलताना वापरला, तर ती खो खो हसली. म्हणाली, "माझी आजी पण एवढं नाही म्हणत!"

हा 'वा' कुठून आला? १८८०च्या दशकात टोकियोतल्या शाळकरी मुली आपापसात 'तेयो' आणि 'दावा' अशी शेवटं लावून बोलायला लागल्या. मोठ्यांना ते अजिबात आवडलं नाही. १८८८ मध्ये कादंबरीकार ओझाकी कोयो यांनी लेख लिहून या बोलण्यावर टीका केली. चांगल्या घरच्या मुलींना हे शोभत नाही, असा एकूण सूर.

नेमक्या त्याच काळात जपानी लेखक बोलीभाषेत कादंबऱ्या लिहायचा प्रयत्न करत होते. फुताबातेइ शिमेइ यांची 'उकिगुमो' १८८७ पासून प्रसिद्ध व्हायला लागली. पात्रांना आवाज हवा होता, आणि तरुण, शिकलेल्या नायिकेच्या तोंडी हेच 'वा' आणि 'तेयो' आले. मग मुलींची मासिकं आली, त्यांतही तेच. अभ्यासक मियाको इनोउए यांनी २००६च्या पुस्तकात दाखवलंय की टोकियोपासून दूर राहणाऱ्या कितीतरी बायकांनी ही 'बायकांची भाषा' कुणाच्या तोंडून ऐकण्याआधी छापील पानावर वाचली. काही दशकांत चक्र पूर्ण फिरलं. जी बोली असभ्य होती, तीच खानदानी बाईची ओळख ठरली. आणि नंतरच्या मुली तसं बोलेनात, तेव्हा तक्रार सुरू झाली, हल्लीच्या पोरींची भाषा बिघडली हो!

आज तरुण मुली हा 'वा' फारसा वापरत नाहीत. तो राहतो अ‍ॅनिमेत, भाषांतरित कादंबऱ्यांत, परदेशी नायिकांच्या डबिंगमध्ये. सातोशी किनसुइ या भाषातज्ज्ञांनी अशा बोलीला नाव दिलंय 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकेची भाषा. ऐकली की पात्र कोण ते कळतं, पण तसं खरं कुणी बोलत असेलच असं नाही. 'झो' आणि 'झे'चंही तेच. अ‍ॅनिमेतला हिरो म्हणतो म्हणून इंटरव्ह्यूत म्हणालात, तर पंचाईत होईल. (ओसाका-क्योटोकडे मात्र उतरत्या सुरातला 'वा' पुरुषही सर्रास वापरतात. म्हणजे 'बायकांचा' हा शिक्काही टोकियोचाच.)

आपल्याकडेही 'रे' आणि 'गं' आहेत की. पण ते ऐकणारा कोण यावरून ठरतात. जपानी 'वा' आणि 'झो'वरून बोलणाऱ्याला जोखलं जातं. तू बाई आहेस ना, मग तशी बोल. पाठ्यपुस्तकाने मला व्याकरण म्हणून जे शिकवलं, ती खरं तर कुणाची तरी अपेक्षा होती. हे कळल्यावर मी आरशासमोरचा सराव बंद केला.

मग नवशिक्यांनी करायचं काय? 'का' बिनधास्त वापरा. 'ने' ऐकत ऐकत शिका, आणि समोरच्यालाही तेच वाटत असेल तेव्हा लावा. 'यो' मोठ्यांशी बोलताना जपून. 'वा', 'झो', 'झे' ओळखता आले तरी सध्या पुष्कळ झालं. आणि एखादं शेवट फक्त बाईचं किंवा फक्त पुरुषाचं आहे असं कुणी शिकवलं, तर विचारा, हे कधीपासून? कुणी ठरवलं?

त्या वरिष्ठांना मी नंतर खुलासा केला. ते हसले आणि म्हणाले, "मुझुकाशी देसु ने." अवघड आहे ना. शेवटी 'ने' होता. मला बरं वाटलं.

भेटूया पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा हं!