तळटीप : वळ्यांची मडकी

* वळ्यांची मडकी : बुरोंडीच्या (ता. दापोली) वाचकाला मडके म्हटले की कुंभाराचे चाक आठवेल. पण न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनातले पुएब्लो या मूळ अमेरिकी समाजाचे कुंभार परंपरेने चाक वापरत नाहीत. मातीच्या लांब वळ्या एकीवर एक चढवायच्या, सांधे बोटांनी मिटवायचे, भांडे खरवडून पातळ करायचे, मातीचा लेप देऊन गुळगुळीत दगडाने घोटायचे. मग युक्काच्या पानाच्या कुंचल्याने नक्षी. भाजणी उघड्यावरच. त्यांच्यापैकी सान इल्देफोन्सो गावच्या मारिया मार्टिनेझ (१८८७–१९८०) भांडी घडवत, पती ज्युलियन ती रंगवत. भाजताना शेणाची भुकटी टाकून आग कोंडली की धुराने भांडे काळेभोर होते. त्यावरची काळी नक्षी या दांपत्याने १९१९च्या सुमारास साधली. इतके देखणे काम चाकाविना होते, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. ही रीत आपल्यालाही अगदी परकी नाही. इनामगावच्या (जि. पुणे) उत्खननात (१९६८–८३) सापडलेली ताम्रपाषाणयुगीन जोर्वे संस्कृतीची लाल, काळ्या नक्षीची भांडी चाकावरची आहेत, पण धान्याचे मोठे रांजण आणि लहान मुलांना पुरताना तोंडाला तोंड लावून ठेवलेले कुंभ हातांनी घडवलेले आहेत.