दगडू आणि दगड

नगर जिल्ह्यात ‘नेर’ने शेवट होणारी गावे बरीच. सेनापती बापटांचे जन्मगाव असलेले आमचे पारनेर त्यांतलेच. शेजारच्या नगर तालुक्यातले अकोळनेर मात्र दूरच्या लोकांना ठाऊक झाले ते एका पोरामुळे. आणि तोही पडद्यावरचा!

१९५३ साली आचार्य अत्र्यांनी ‘श्यामची आई’ पडद्यावर आणली आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक पटकावले. श्यामचे घर गरीब, पण श्याम आईच्या शिकवणीत वाढणारा. त्यानंतर साठ वर्षांनी, एकाच हिवाळ्यात, दोन निराळीच पोरे मराठी प्रेक्षकांसमोर उभी राहिली.

३ जानेवारी २०१४ रोजी रवी जाधव यांचा ‘टाइमपास’ आला. त्यातला दगडू चाळीतला, रिक्षावाल्याचा मुलगा, दहावी नापास. प्रेमात पडला तो कडक शिस्तीच्या लेल्यांच्या प्राजक्ताच्या! दृष्ट लागू नये म्हणून आपल्याकडे मुलाचे नाव दगडू, धोंडू ठेवीत. या दगडूवरही प्रेक्षकांनी जीव लावला. त्याच्या फजितीला ते हसले, पण त्याच्या बाजूने हसले.

सहाच आठवड्यांनी, १४ फेब्रुवारीला, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आला. कथा अकोळनेरची, नायक कैकाडी समाजातला जब्या. शालू वश व्हावी म्हणून काळ्या चिमणीची राख हवी, म्हणून तो मित्राला घेऊन रानोमाळ हिंडतो. त्याला जीनची पँटही हवी असते. इथवर आपण खुशाल हसतो. मग घरच्यांसह त्याला गावात डुकरे धरावी लागतात. ऐन पाठलागात शाळेत राष्ट्रगीत सुरू होते. सारे ताठ उभे, आणि डुक्कर पसार! हसू येते, पण सगळा गाव आणि शाळासोबती त्याच जब्याला हसताना दिसतात, तेव्हा आपले हसू ओठांवरच विरते. शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो थेट आपल्या दिशेने. ही भूमिका करणाऱ्या सोमनाथ अवघडेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

वय एक, ओढही एकच. दगडूचे नाव दृष्ट टाळण्यासाठी ठेवलेले. जब्याचा दगड त्या दृष्टीवरच फेकलेला.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत घरी मुले जमतील, तेव्हा दोन्ही चित्रपट त्यांच्यासोबत बसून पाहा. दगडू आधी, जब्या मागाहून. हसू आले तर मोकळेपणी हसा; फक्त आपण पोराबरोबर हसतो आहोत की पोराला, एवढे मुलांना विचारा. उत्तर बहुधा तीच आधी देतील.