पार्सल पोचवणारा गोलंदाज



१५ नोव्हेंबर २०२० ही तारीख कुणाच्या लक्षात असण्याचे कारण नाही. त्या दिवशी मेलबर्नला टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना व्हायचा होता. कोरोनामुळे स्पर्धाच पुढे ढकलली गेली. नेमक्या त्याच दिवशी पॉल व्हॅन मीकरेन या डच वेगवान गोलंदाजाने ट्विटरवर कळवले, की आज खरे तर मैदानावर असायचो, पण हिवाळा निभावून नेण्यासाठी उबर ईट्सची पार्सले पोचवतो आहे. वर हसण्याचे चिन्ह! (नेदरलँड्स अंतिम सामन्यात पोचला असता का, हा भाग निराळा.)

आपल्याकडे भारतीय संघातला खेळाडू असे करतो म्हटले तर विश्वास बसणार नाही. पण तिकडे फुटबॉल आणि हॉकीपुढे क्रिकेटला विचारतो कोण? बऱ्याच क्लबांत अजून मॅटवर खेळतात. पोट भरायचे तर इंग्लंडच्या कौंटीचे दार ठोठवायचे. ती वाट पॉल-यान बाकरने पाडली. १९८६ ते १९९२ तो हॅम्पशायरकडून खेळला. १९९६ च्या विश्वचषकात नेदरलँड्सने आपला पहिला एकदिवसीय सामना खेळला तो आपल्या बडोद्याला, न्यूझीलंडविरुद्ध. तेव्हा बाकर अडतीस वर्षांचा होता आणि ॲमस्टरडॅममध्ये जन्मलेला मीकरेन तीन वर्षांचा.

मीकरेनने २०१३ मध्ये पहिला एकदिवसीय सामना खेळला. पुढच्याच वर्षी नेदरलँड्सचा एकदिवसीय दर्जा गेला, तो परत मिळायला २०१७ उजाडले. ऐन उमेदीची वर्षे! खेळाडूने चांगली गोलंदाजी करूनही देशाचाच दर्जा काढून घेतला, तर त्याने काय करावे? मार्च २०१६ मध्ये धरमशालेला पावसाने सहा षटकांवर आलेल्या सामन्यात याने आयर्लंडचे चार गडी अवघ्या अकरा धावांत घेतले. त्याच वर्षी तो सॉमरसेटमध्ये दाखल झाला. २०२० मध्ये पार्सले पोचवायची वेळ आली तोवर तो करार संपलेला होता. पुढे ग्लॉस्टरशरने घेतले, म्हणून गाडी परत रुळावर आली.

असो. २०२३ चा विश्वचषक आपण सगळ्यांनी पाहिला. १७ ऑक्टोबरला पुन्हा तेच धरमशाला, पुन्हा पाऊस, त्रेचाळीस षटकांचा सामना. दक्षिण आफ्रिकेच्या मार्करम आणि यान्सेन या दोघांच्याही यष्ट्या मीकरेनने उडवल्या. डच अडतीस धावांनी जिंकले. मग २८ तारखेला ईडन गार्डन्सवर बांगलादेश. शाकिब गेला, मुशफिकुर गेला. एकूण २३ धावांत चार बळी. सामनावीर अर्थातच तो. डचांचा डाव २२९ धावांचाच होता, म्हणजे गोलंदाजांनीच सामना ओढून आणला.

आमच्या घरी हल्ली रात्री कधीमधी जेवण मागवतात. दारात हेल्मेट घातलेला मुलगा उभा राहिला, की मी पाणी विचारतो. नातवंडे हसतात. त्यांना मी हा किस्सा दोनदा सांगून झाला आहे, आज तुम्हाला सांगितला.